सव्वा तासाची लेक, दोन तासांची लेक

आमच्या आईला आम्ही दोन लेकी. धाकटी हैदराबादला, मी इथं नगरला, सावेडीत. माहेर बेलापूरला, तिथं आई भाऊ-वहिनीजवळ राहते. आता कोणालाही विचारा, बेलापूरहून जवळची लेक कोणती? शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पण आमच्या आईला विचाराल तर ती म्हणेल, धाकटी जवळ. कारण शिर्डीहून हैदराबाद सव्वा तास, आणि बेलापूरहून सावेडी दोन तास. झालं, संपला विषय! लग्न झाल्यापासून मी आईची जवळची लेक होते. शिर्डीचं विमान सुरू झालं आणि एका फटक्यात मी लांबची झाले.

मला याचा राग येतो. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी कितीही गोड बोलले तरी पोटात जळतंय ते जळतंयच. धाकटी वाईट नाही. ती मला दिवाळीला साडी पाठवते, आणि साडी चांगली असते, याचाही मला रागच येतो.

पहिल्यांदा विमानातून जाऊन आली तेव्हा आईनं गिरणीपासून देवळापर्यंत सगळ्या बेलापुरात सांगितलं, की बाई, खिडकीशी बसले, एका पोरीनं पाण्याची बाटली दिली, आणि ती बाटली संपायच्या आत हैदराबाद आलं. ती रिकामी बाटली अजून घरात आहे. त्यात आता खोबरेल भरून ठेवलंय. मी माहेरी गेले की ती बाटली बरोबर माझ्या नजरेसमोर येते. मी एवढ्या वर्षांत आईला पाण्याच्या बाटल्या दिल्या नसतील का? एसटीत बसवताना दर वेळी दिलीय. त्यांची नाही कोणी पूजा केली.

बरं, तो सव्वा तास तरी खरा आहे का? मी एकदा आईसमोर बसून हिशेबच मांडला. बेलापूरहून काकडी गावातलं शिर्डीचं विमानतळ गाठायला भावाची गाडी, त्यात सव्वा तास गेला. तिथं दोन तास आधी जाऊन बसायचं. मग विमान. मग तिकडं उतरून बॅगेची वाट बघत उभं राहायचं. मग त्या हैदराबादच्या गर्दीतून धाकटीच्या घरी पोचायला आणखी दीड तास. म्हणजे सकाळी निघालेली बाई चहाच्या वेळेला पोचते. आणि सावेडीला? सकाळी निघालीस तर भाजी चिरायला माझ्याबरोबर बसशील. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की बसून राहायला काय कष्ट पडतात, खरा प्रवास सव्वाच तास. नगर-मनमाड रस्त्यावर तिचं कंबरडं मोडतं, ते मात्र तिनं पुरतं मोजलं होतं.

मग मी इरेलाच पेटले. मुलाकडून मोबाईलवर बघून घेतलं. शिर्डी ते हैदराबाद हवेतून पाचशेच्या आसपास किलोमीटर. सावेडी ते बेलापूर हवेतून पन्नास. म्हणजे विमानाच्या वेगानं मी आईपासून आठ मिनिटांवर आहे! हे मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मग ये की विमानानं. यावर काय बोलणार, कपाळ?

पण वेळेचं जाऊ द्या. माझं खरं दुखणं मुक्कामाचं होतं.

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि आई माझ्या घरी एक रात्र राहिली नाही. एकसुद्धा नाही. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, ही तिची जुनी रीत. तिच्या आईनं पाळली, तिनं पाळली. यायची सकाळच्या गाडीनं, पिशवीत शेंगा, हरभऱ्याची डाळ, पेरूचे दिवस असले तर पेरू. जेवायची, सासूबाईंशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलायची. सासूबाईंचा खांदा धरलेला आहे, हात वर जात नाही, म्हणून चारच्या चहानंतर त्यांच्या डोक्याला तेल लावून वेणी मी घालते. सणवार असो, पाहुणे असोत, त्यात खंड नाही. नेमकी त्या वेळी आईची चुळबुळ सुरू व्हायची. भिंतीला टेकून बसलेली असायची ती उठून पिशवी झटकायची, घड्याळाकडं बघायची. मला वाटायचं, हिला एसटीची घाई. मग मी तिला स्कूटरवर तारकपूर स्टँडला नेऊन सोडायची, खिडकीची जागा धरून द्यायची, आणि बस हलायच्या आतच ती म्हणायची, जा तू आता, घरी वाट बघत असतील.

सासूबाईसुद्धा आग्रह करायच्या. राहा की विहीणबाई, काय घाई आहे, असं त्या मनापासून म्हणायच्या. आई हसून पदर सावरायची आणि निघायची. मी मनाची समजूत घातली होती, की रीत आहे, माझ्यावर राग थोडाच आहे. दोन्ही लेकींना रीत सारखीच.

आणि मग ही बाई हैदराबादला जाऊन दीड महिना राहिली.

मी फोनवर विचारलं, अगं, तुझी रीत कुठं गेली? तर म्हणाली, विमान काय रोज संध्याकाळी माघारी फिरतं का एसटीसारखं? आणि एवढं तिकीट काढून एका दिवसात कोणी परत येतं का? म्हणजे बघा, जायचं म्हटलं की ते जवळ, आणि राहायचं म्हटलं की लांब. दोन्हीकडून फायदा धाकटीचा. मी जवळ म्हणून मुक्काम नाही, आणि दोन तास लागतात म्हणून येणंही कमी झालं. त्या दीड महिन्यात धाकटी रोज फोटो पाठवायची. आई बाल्कनीत, आई बागेत, आई सोफ्यावर पाय वर घेऊन. माझ्या घरात आईनं पाय कधी वर घेतले नव्हते. मी त्या फोटोंना हात जोडल्याचं चित्र पाठवायची आणि मोबाईल पालथा ठेवून ब्लाउजला हुक लावत बसायची. मी घरी शिवणकाम करते. त्या महिन्यात दोन बायकांचे गळे मी वाकडे कापले.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी आई पुन्हा गेली, पुन्हा महिनाभर राहिली, आणि तिचा परत यायचा दिवस आला. दुपारी धाकटीचा फोन. तिचा आवाज रडवेला. शिर्डीवर ढग खाली आलेत, विमान उतरू शकलं नाही, दोन घिरट्या घालून पुण्याला नेलं. आता सगळ्यांना बसमध्ये बसवून शिर्डीला सोडणार आहेत. आई एकटी आहे, ताई, आता काय करायचं?

तिला मी धीर दिला, काळजी करू नकोस म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसले. पुण्याहून शिर्डीला जाणारी बस कुठून जाते? नगरवरून. आणि नगरमधून बाहेर पडताना कुठून जाते? सावेडीवरून, माझ्या घराच्या वळणासमोरून. देव पावला म्हणजे आणखी काय असतं? संध्याकाळ होत आलेली असणार, आई दमलेली असणार, शेवटची एसटी तोवर निघून गेलेली. आज तिला रीतबीत काही चालायची नाही. विमानानंच आणून माझ्या दारात टाकली होती.

मी हुलग्याची शेंगोळी केली, तिला फार आवडतात म्हणून. बाजरीच्या भाकरी थापल्या. आतल्या खोलीतलं मशीन भिंतीला सरकवलं, तिथं गादी घातली, नवी चादर काढली. सासूबाई म्हणाल्या, माझी जाड उशी दे त्यांना, मला पातळ चालेल. नवऱ्यानं येताना केळी आणली. सगळं घर एका रात्रीसाठी तयार झालं. त्या धांदलीत सासूबाईंची वेणी तेवढी राहिली, ती आईला घेऊन आल्यावर घालते म्हणाले. आईला फोन केला तर तिला बसच्या आवाजात काही ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं की मी रस्त्यावर उभी राहते, ड्रायव्हरला थांबायला सांग. ती बरं म्हणाली.

मनमाड रोडवर उभी राहिले. हातात शेंगोळ्यांचा डबा. डबा का नेला म्हणाल, तर उतरल्या उतरल्या वास तरी जावा तिच्या नाकात, म्हणजे पाऊल लवकर उचलेल. तासभर उभी होते. मग ती मोठी पांढरी बस आली, आणि थांबलीसुद्धा. दार उघडलं. तिसऱ्या ओळीत खिडकीशी आई बसलेली, मांडीवर पर्स, गळ्याशी पदर गच्च. मी खालूनच म्हणाले, चल, उतर.

"उतरू कशी? तिकीट शिरडीपतूर हाय," आई म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिकीट शिर्डीपर्यंतचं काढलंय, पैसे धाकटीनं भरलेत, बॅग बसच्या पोटात आहे आणि तिच्यावर शिर्डीची चिठ्ठी लावलीय, भाऊ गाडी घेऊन काकडीला उभा आहे. मधेच कुठं उतरायचं? मी म्हणाले, अगं, भावाला फोन करू, बॅग काढून घेऊ. तिनं मान हलवली. पायरीशी बसलेला विमान कंपनीचा मुलगा म्हणाला की मॅडम, लवकर ठरवा. मागचे प्रवासी च्यक् च्यक् करायला लागले. मी रस्त्यावर डबा घेऊन उभी, घरात गादी घातलेली, आणि माझी आई माझ्या वळणावर येऊन उतरायला तयार नाही! माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते रागाचं होतं.

मग मी काय केलं? चढले. पायात घरातली चप्पल, अंगावर साधा ड्रेस, हातात डबा. तो मुलगा म्हणाला की फक्त विमानाच्या प्रवाशांनाच घेतो. आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझी लेक हाय ती, माझ्या शेजारची जागा रिकामी हाय. पुण्यात बरेच जण उतरून गेले होते, जागा होत्याच. ड्रायव्हर म्हणाला, बसा बाई, आधीच उशीर झालाय. आणि अशी मी विमानाच्या प्रवासाला निघाले. चाकांवरून का होईना.

नवऱ्याला फोन करून सांगितलं की सासूबाईंच्या गोळ्या टीव्हीजवळच्या डबीत आहेत, भाकरी झाकून ठेवल्यात, मी आईला पोचवून येते. तो काय म्हणाला ते विळद घाटातल्या गर्दीत ऐकू आलं नाही. बस तिथं मुंगीच्या पावलानं चालली होती. आईनं डबा उघडला आणि शेंगोळी खायला लागली. दोन खाल्ल्यावर म्हणाली की मीठ बरोबर आहे. मग विमानाचं सांगायला लागली. ढगात कसं हललं, पुण्यात कसं उतरवलं, धाकटीनं सोबत काय काय बांधून दिलं. धाकटीनं हे, धाकटीनं ते. राहुरी येईपर्यंत मी ऐकून घेतलं. मग माझा बांध फुटला.

मी तिला म्हणाले, तिच्याकडं महिना महिना राहतेस, माझ्याकडं बावीस वर्षांत एक रात्र नाही. आज मी गादी घातली होती. सासूबाईंनी स्वतःची उशी काढून दिली तुला. तिकिटाचं काय सांगतेस मला? माझ्या घरात काय काटे पसरलेत, ते एकदाचं सांगून टाक.

आईनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, ती दाबत राहिली. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "तिच्या घरात सासू न्हाई."

धाकटीला सासू नाही, हे खरं. लग्नाच्या आधीच वारलेली. पण त्याचा इथं काय संबंध? मला वाटलं, सासूबाई हिला कधी काही टोचून बोलल्या की काय. मी तसं विचारलं, थोडी चिडूनच. कारण माझी सासू तशी नाही, आणि तिच्याबद्दल मी ऐकून घेणार नव्हते.

"चांगली हाय ती," आई म्हणाली. "वाईट असती तर म्या राह्यले असते तुझ्यासाठी. तू तिची वेनी घालती, तेल लावती. म्या भिताडाला टेकून बघती. दिसाचं बघवतं गं. रातच्याला कसं बघू?"

बस कोल्हारला आली. खरं म्हणजे इथून बेलापूर हाकेच्या अंतरावर, शहाणा माणूस इथंच उतरला असता. पण तिकीट शिर्डीपर्यंतचं होतं, त्यामुळं आम्ही दोघी आमचं गाव उजव्या हाताला सोडून ऐटीत पुढं निघालो.

पुलावरून जाताना आई पुन्हा बोलली. या वेळी माझ्याकडं बघून. "माझ्या डोक्याला तुझा हात लागून किती वर्सं झाली, सांग बरं."

मी बोटांवर वर्षं मोजायला लागले, बोटं संपली.

आता इथं मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगू? मला आनंद झाला. बेलापूरभर लेकींचं कौतुक सांगत फिरणारी, सगळ्यांना पुरून उरलेली माझी आई, ती माझ्या सासूवर जळत होती! तेही चोरून, बावीस वर्षं, घड्याळाकडं बघत. एसटीची घाई नव्हती, रीत नव्हती, दोन तास नव्हते, काही नव्हतं. मी इकडं धाकटीच्या सोफ्याचे फोटो बघून तडफडत होते आणि ही तिकडं माझ्या हातातल्या वेणीवर तडफडत होती. धाकटीवर कोणी असं जळलंय का कधी? तिच्याकडं आई पाय वर घेऊन बसते, कारण तिथं तिचं काहीच दुखत नाही. दुखायचं ते माझ्याकडं. मी आईचा हात धरला आणि तिनं तो काढून घेतला नाही. काकडी येईपर्यंत मी तो सोडला नाही.

काकडीला भाऊ गाडीला टेकून उभा होता. मला उतरताना बघून तो चाटच पडला. बसच्या पोटातून बॅग निघाली, आईनं तिच्यावरची चिठ्ठी बघून घेतली आणि मगच ती गाडीत बसली. वाटेत धाकटीचा फोन आला. आईनं मोठ्यानं सांगितलं, पोचले, मोठी आलीय संगं, आज राहनार हाय माझ्याजवळ. मी राहणार आहे, हे मला तेव्हाच कळलं. पलीकडून धाकटी काय म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं. ती म्हणाली, ताईचं बरंय बाई, मनात आलं की आईकडं. एवढ्या वर्षांत तिच्या एकाही वाक्यानं मला इतकं गार वाटलं नव्हतं.

बेलापूरला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. वहिनीनं चहा टाकला. आई हातपाय धुऊन आली आणि ओसरीवर माझ्याकडं पाठ करून बसली. केस सोडलेले. हातात ती विमानातली बाटली, खोबरेलाची. ती तिनं मागं न बघताच माझ्याकडं धरली. घेतली मी.

केस किती विरळ झालेत ते मला माहीत नव्हतं. सासूबाईंच्या डोक्यावर कुठं टाळू दुखते, कुठं जोरात चोळलेलं चालतं, ते माझ्या बोटांना पाठ आहे. आईच्या डोक्यावर बोटं चाचपडत होती. तिच्या कानामागं एक जुना वण लागला, तो कशाचा ते मी विचारलं नाही. ती डोळे मिटून बसली होती, आणि मान माझ्या हातात सोडून दिली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाईंचा होता. तेलकट हातानं मी तो उचलून कानाशी धरला. त्यांनी विचारलं की नीट पोचलात ना, विहीणबाई दमल्यात का, आणि मग जरा थांबून विचारलं की तू कधी येतेस. आज त्यांची वेणी राहिली होती, ते त्या बोलल्या नाहीत. मी म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं निघते.

आईनं डोळे उघडले नाहीत. मानही वळवली नाही.

"परवा सांग," ती म्हणाली.

मी परवा सांगितलं.